संसारातील अणुव्रत

“आमच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय घडले? दुकान, देणीघेणी आणि मुलाबाळांची लग्ने!” शिरवळसारख्या बाजारपेठेच्या गावी उतारवयातील श्रावक-श्राविकांच्या मुखी हा उद्गार अनेकदा येतो. मुले पुण्याला स्थायिक होतात, पेढी मंदावते आणि पर्युषणात प्रतिक्रमणास बसले असता मनात प्रश्न उभा राहतो, की या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? दीक्षा घेणारे धन्यच होत. परंतु ज्यांना संसारातच राहावयाचे आहे, त्यांनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच सातारा जिल्ह्यात एका जैन गृहिणीने स्वयंपाकघरातून दिले आहे. त्या म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. भाऊरावांनी उमेदीच्या काळात ओगले काच कारखाना व किर्लोस्कर यांचा माल गावोगावी फिरून विकला होता. म्हणजे ते आपल्याच व्यवसायबंधूंपैकी. १९१९ मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची गरीब मुले तेथे एकत्र राहत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली.

या मुलांची आई झाल्या लक्ष्मीबाई. कोठीतील धान्य संपले, तेव्हा त्यांनी एकेक दागिना दिला आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढे झालेला वटवृक्ष पाहणे त्यांच्या भाग्यी नव्हते.

त्यांनी केले ते काम प्रत्येक घरी होते, ते म्हणजे रांधणे आणि वाढणे. परंतु त्या एका कृतीत आहारदान व ज्ञानदान ही दोन्ही दाने सामावली. आपल्या शास्त्राने सेवेला, म्हणजे वैयावृत्त्याला, अभ्यंतर तपात स्थान दिले आहे, हे येथे स्मरावे. उपवासाइतकीच रुग्णाची शुश्रूषाही तप आहे.

सर्वांनाच एवढा त्याग साधणार नाही, हे खरे. म्हणूनच श्रावकासाठी महाव्रते नसून अणुव्रते सांगितली आहेत. अणुव्रत म्हणजे लहान व्रत. खोटे माप आणि भेसळ हे अचौर्यव्रताचे अतिचार आहेत. त्यामुळे खरे माप देणारा दुकानदार दिवसभर गल्ल्यावर बसूनही व्रतच पाळीत असतो. पाचवे व्रत परिग्रहपरिमाणाचे. आपणास किती पुरे, हे ज्याने ठरविले, त्याच्याच हाती इतरांसाठी काही उरते. मर्यादाच नसेल, तर लाखाची शिल्लकही अपुरी वाटते.

येत्या पर्युषणात कुटुंबाने एकत्र बसून ही मर्यादा वहीत लिहावी आणि तीपलीकडील रकमेतून गावातील एका गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार उचलावा. ते मूल जैन असलेच पाहिजे, असा आग्रह लक्ष्मीबाईंच्या पंक्तीत नव्हता.