किल्ली कुणाकडे? शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची गोष्ट

हा भाग ऐकताना ज्यांचं नेट मध्येच गेलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी, बोललेलं थोडं आवरून इथे ठेवतोय. 'अं', 'म्हणजे' वगैरे काढलेत. सगळे निघाले नसतील, सांभाळून घ्या.

सुरुवात एका कपाटापासून करू. माझ्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, काचेच्या दाराचं. आत पुस्तकं. सहावीत असताना मस्टर आणायला मला त्या खोलीत पाठवायचे, त्यामुळे ते कपाट मला रोज दिसायचं. वरून दुसऱ्या कप्प्यात भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' होता. मी तो दोनदा मागितला. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "किल्ली सरांकडे आहे रे." दुसऱ्यांदा सर म्हणाले, "परीक्षा झाल्यावर बघू." परीक्षा झाली, सुट्टी लागली, पुढच्या वर्षी बाबांची बदली झाली आणि शाळाच सुटली. फास्टर फेणे मी शेवटी कॉलेजात असताना वाचला. पुस्तक छानच आहे, पण खरं सांगू का, ते अकरा वर्षांच्या पोराने पांघरुणात शिरून वाचायचं पुस्तक आहे. एकोणिसाव्या वर्षी मी ते कौतुकाने वाचलं. कौतुक वेगळं आणि वेड वेगळं.

बरीच वर्षं मला वाटायचं की आमचे सर खडूस होते. मग माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तिने मला हे कुलूप कसं लागतं ते समजावलं. (तुमच्यापैकी जे डी.एड., बी.एड. करताय त्यांनी इथे जरा कान द्या, उद्या ही किल्ली तुमच्या हातात येणार आहे.)

शाळेत पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढतं. त्याला क्रमांक मिळतो, किंमत लिहिली जाते. झालं, आता ती सरकारी मालमत्ता. बाकं, खुर्च्या, घंटा, पुस्तकं, सगळ्यांकडे 'डेडस्टॉक' याच नजरेने बघितलं जातं. मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज देताना नव्या माणसासमोर एकेक वस्तू मोजून द्यायची. आता बाक काही कुणाच्या दप्तरातून घरी जात नाही. पुस्तक जातं. जायलाच हवं, त्यासाठीच ते आहे. पण चार्ज देताना सात पुस्तकं कमी भरली तर ते पैसे कुणाच्या खिशातून जाणार, ही भीती असते. कुणी तसं वसूल केलं असेल-नसेल, पण भीती प्रत्येक शिक्षकाच्या डोक्यात पक्की बसलेली असते. मग सगळ्यात सुरक्षित उपाय काय? कुलूप.

म्हणजे बघा, यात खलनायक कुणीच नाही. जो माणूस पुस्तकं नीट सांभाळतो त्याला कुणी काही विचारत नाही, आणि जो वाटतो त्यालाच हिशेब द्यावा लागतो. असं असेल तर तुम्ही-आम्हीसुद्धा कुलूपच लावू.

आता गंमत ऐका. पुस्तकं वापरली की थोडी हरवणार, हे सरकारला ठाऊक आहे आणि ते लिहूनही ठेवलंय. केंद्र सरकारचे 'सामान्य वित्तीय नियम, २०१७' आहेत, त्यातला नियम २१५ ग्रंथालयांबद्दल आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवली तर ते वाजवी मानावं, असं त्यात आहे. अट इतकीच की त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून जास्त किमतीचं किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी होते.

हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तो झेडपीच्या शाळेला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही. तुमच्या शाळेला कोणते नियम लागू आहेत ते तुमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. पण नियमामागचा विचार फार शहाणा आहे. समजा शाळेत चारशे पुस्तकं आहेत आणि प्रत्येक पुस्तक वर्षात सरासरी पाच वेळा कुणीतरी नेलं. झाल्या दोन हजार देवघेवी. या हिशेबाने दहा पुस्तकं हरवली तरी कुणाचं काही चुकलं नाही. आणि ज्या कपाटातून एकही पुस्तक बाहेर गेलं नाही, तिथे सूट किती? शून्य! जितकं वाटाल तितकी मोकळीक. माझ्या मैत्रिणीने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

बरं, पुस्तकं मुळात असतात का? कागदावर तरी असायला हवीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, गोष्टींचीसुद्धा. 'गोष्टींचीसुद्धा' हे मी घुसडलेलं नाही, कायद्यातच आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार ते वीस हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे, शाळा कितवीपर्यंत आहे त्यानुसार. पन्नास रुपयांचं एक धरलं तर पाच हजारांत शंभर पातळ चित्रपुस्तकं येतात. छोट्या शाळेला शंभर म्हणजे पुष्कळ. फक्त ती मुलांना दिसायला हवीत.

हे 'दिसणं' फार महत्त्वाचं. मोठी माणसं पुस्तक नावावरून शोधतात, पोरं मुखपृष्ठावरून. कपाटात उभ्या लावलेल्या पुस्तकांचे फक्त कणे दिसतात, आणि पातळ बालपुस्तकाला तर कणा असा नसतोच. म्हणून सगळ्यात स्वस्त ग्रंथालय म्हणजे वर्गात बांधलेली सुतळी. कपडे वाळत घालतो तशी पुस्तकं तिच्यावर उघडून टांगायची, मुखपृष्ठ पोरांच्या डोळ्यांसमोर येईल अशी. उंची पहिलीतल्या पोराच्या हाताला येईल इतकीच. आणि चारशेच्या चारशे बाहेर काढू नका. चाळीस टांगा, महिन्याने बदला. बदलली की पोरं पुन्हा येऊन बघतात, दुकानात नवा माल आल्यावर आपण बघतो तशी.

नोंद पोरांनाच ठेवू द्या. दोनशे पानी वही, चार रकाने: तारीख, पुस्तकाचा क्रमांक, कुणी नेलं, कधी आणलं. पाचवीतली दोन पोरं हे काम बँकेतल्या कॅशिअरच्या थाटात करतात. फाटलेली पुस्तकं शनिवारी दुरुस्त करायची. मैत्रिणीच्या वर्गात याला 'पुस्तकांचा दवाखाना' म्हणतात, आणि तिथला डॉक्टर वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा आहे.

पण पुस्तक टांगलं म्हणून पोरगं वाचेलच असं नाही. मधला दुवा म्हणजे शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवणं. धडा वाचतो तसं नाही हं. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं, पोरं जवळ बसलेली, पुस्तक त्यांच्याकडे वळवलेलं. आदल्या दिवशी घरी एकदा वाचून या, कुठे आवाज खाली न्यायचा ते कळतं. आधी नुसतं मुखपृष्ठ दाखवा आणि विचारा, "काय असेल रे यात?" उत्तर चूक-बरोबर ठरवू नका. मध्ये एकाच ठिकाणी थांबा, पान उलटायच्या आधी: "आता ही काय करेल?" एकदाच. दर पानाला प्रश्न विचारले तर ती चाचणी होते, आणि चाचणीचा वास पोरांना लांबून येतो. गोष्ट संपली की लगेच 'तात्पर्य काय' विचारायचं नाही. अजिबात नाही. गप्प बसा थोडा वेळ, पोरंच बोलतात. मग ते पुस्तक सगळ्यांसमोर पुन्हा सुतळीवर अडकवा आणि बाजूला व्हा. तुम्ही आत्ताच वाचलेल्या त्याच पुस्तकावर उड्या पडतात, कारण आता त्यांना ते 'येतं'. असं पाठ झालेलं पुस्तक पोरगं वाचायला लागतं, तेव्हा अर्धं आठवून आणि अर्धं अक्षरं लावून वाचतं. चालतं. वाचायला शिकणं असंच सुरू होतं.

आणखी एक. ज्या मुलांच्या घरी पावरी, कोरकू, गोंडी, अहिराणी बोलतात, त्यांना पुस्तकातली मराठी सुरुवातीला परकीच असते. तिथे गोष्ट वाचून झाल्यावर एखाद्या मुलाला ती घरच्या बोलीत सांगू द्या. वर्ग हसतो, पण गोष्ट पोहोचल्याचं ते हसू असतं.

आता तुमच्या हातातल्या फोनबद्दल. कपाट खरंच रिकामं असेल तर फोन हेच ग्रंथालय. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून आहे. मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्यांत लावलेल्या: पहिलीत चित्रं मोठी आणि शब्द अगदी थोडे, चौथी सराईत वाचकांसाठी. पीडीएफ उतरवून घ्या, नेट नसलेल्या गावातही चालते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्यामुळे लेखक-चित्रकारांचं श्रेय ठेवून तुम्ही ती छापू शकता, तुमच्या बोलीत भाषांतरही करू शकता. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. तुमच्या आईबाबांनी लहानपणी वाचलेला एखादा अंक सापडेल, शोधा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, विज्ञानाचा तर खासच. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चालू कादंबऱ्यांच्या पीडीएफ शाळेत आणू नका. मराठी बालपुस्तकं काढणारे प्रकाशक मोजकेच, त्यांच्याच पोटावर पाय देऊन वाचनसंस्कृती कसली वाढवायची?

ज्यांच्याकडे पुस्तकं आहेत पण थोडी, त्यांच्यासाठी एक जुनीच युक्ती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा पुढे बडोद्याचा राजा झाला, सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात मोफत ग्रंथालयं उभी केली. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या, वाचून झाल्या की पुढच्या गावाला. शंभर वर्षांनी नाशिकमध्येच कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं तेही पेट्यांवरच. एका पेटीत शंभर पुस्तकं, ठरावीक महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाकडे. या पेट्या दुबईच्या मराठी मंडळींपर्यंत गेल्यात. मग एका केंद्रातल्या दहा शाळांनी आपापली चाळीस पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरून दर महिन्याला अदलाबदल केली तर? केंद्राची शिक्षण परिषद असते तेव्हा सगळे शिक्षक एकत्र येतातच. पेटी गाडीवर मागे बांधून आणायची.

१५ ऑक्टोबर, म्हणजे कलामांचा जन्मदिवस, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी कपाट उघडतं, पोरं हातात पुस्तकं धरून ओळीत बसतात, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर जातो, पुस्तकं परत आत. मला या दिवसाचा राग नाही. एकच विनंती: त्या संध्याकाळी पुस्तकं परत गोळा करू नका. ज्याच्या हातात जे होतं ते त्याला घरी नेऊ द्या, वहीत नोंद करून.

मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं. वर्षअखेरीस चार पुस्तकं कमी भरली. त्यातलं एक जूनमध्ये परत आलं, पानांना हळदीचे डाग. नेणारी मुलगी म्हणाली, "आजी भाजी चिरताना मी वाचून दाखवायचे, मग ती म्हणाली अजून राहू दे." उरलेली तीन तिने वहीत 'वापरात गहाळ' अशी लिहिली, मुख्याध्यापकांची सही घेतली, आणि चार्ज देताना त्यावर कुणी काहीही बोललं नाही.

तुमच्या शाळेतलं कपाट कसं होतं, किल्ली कुणाकडे असायची आणि काचेतून कुठलं पुस्तक दिसायचं, तेवढं मला लिहून पाठवा. व्हॉइस नोट पाठवलीत तर आणखी बरं, पुढच्या भागात लावतो.