तीन अधिक पाच, चार अधिक चार

जोडीची बेरीज जास्तीत जास्त ८. पॅरा-बॅडमिंटनमध्ये उभ्याने खेळल्या जाणाऱ्या महिला दुहेरीचा हा नियम. पायाची बाधा जास्त आणि तोल सांभाळणं अवघड असेल तर खेळाडू एसएल३ वर्गात जाते, त्याहून कमी असेल तर एसएल४ मध्ये. बाधा हाताला असेल तर एसयू५. बेरीज या वर्गांच्या आकड्यांची : ३ आणि ५ ची जोडी चालते, ४ आणि ४ चीही. ४ आणि ५ ची नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत अंतिम सामना याच दोन बेरजांमध्ये झाला. एका बाजूला मुंबईच्या अणुशक्तीनगरात वाढलेली मानसी जोशी (३) आणि तमिळनाडूची तुलसीमती मुरुगेसन (५), समोर इंडोनेशियाच्या लेआनी रात्री ओक्तिला (४) आणि खलिमतुस सादियाह (४). सुवर्ण इंडोनेशियाला, रौप्य भारताला. कागदावर ८-८, पण ही बरोबरी जरा फसवी आहे. एसएल३ ची एकेरी अर्ध्या रुंदीच्या कोर्टवर होते, एसएल४ ची पूर्ण कोर्टवर. दुहेरीचं कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब. म्हणजे ४ अधिक ४ ची जोडी एकेरीतही कोर्टच्या दोन्ही बाजूंना पळून सरावलेली असते. मानसीला मात्र एकेरीपेक्षा सुमारे दुप्पट रुंद कोर्टवर, शिवाय जोडीदाराशी जागा बदलत खेळावं लागतं.

लेआनी आणि मानसी या दोघींचं आयुष्य बदललं ते एकाच वर्षी, २०११ मध्ये. लेआनीला मोटारसायकलचा अपघात झाला आणि डावा पाय ११ सेंटिमीटरने आखूड राहिला. इंजिनिअर मानसीच्या स्कूटरला २ डिसेंबरला ट्रकने धडक दिली आणि तिचा डावा पाय कापावा लागला. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत राकेश पांडेसोबत तिने रौप्य मिळवलं. २५ ऑगस्ट २०१९ ला बासेलमध्ये पारुल परमारला २१-१२, २१-७ असं हरवून ती एकेरीची जगज्जेती झाली. त्याच दिवशी, त्याच शहरात पी. व्ही. सिंधूही जगज्जेती झाली. पेपरांत जागा कुणाला जास्त मिळाली, हे सांगायला नको.

आता खरा आकडा. बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये प्रथम आलं ते टोकियोत, १४ प्रकारांसह. त्यात एसएल३ महिला एकेरी नव्हतीच. जगज्जेतीला स्वतःच्या वर्गात खेळायला दारच नव्हतं. महिला दुहेरी होती, पण भारतातून पारुल परमार आणि पलक कोहली ही एकच जोडी गेली. लेआनीने मात्र तिथे दोन सुवर्णं आणि एक रौप्य नेलं. सादियाहसोबतच्या दुहेरीच्या सुवर्णाने इंडोनेशियाचा ४१ वर्षांचा पॅरालिम्पिक सुवर्णदुष्काळ संपला.

पॅरिसला, २०२४ मध्ये, प्रकार १६ झाले. एसएल३ महिला एकेरी आली आणि एसएल३-एसयू५ महिला दुहेरी गेली! लेआनी-सादियाहला आपलं सुवर्ण राखायची संधीच मिळाली नाही. तरी लेआनीने नवरा हिकमत रामदानीसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि एकेरीचं रौप्य घेतलं. दोन पॅरालिम्पिकमध्ये मिळून तीन सुवर्णं, दोन रौप्यं. मानसी तोवर ३५ वर्षांची झाली होती. गटातले दोन्ही सामने तिने तिसऱ्या गेमपर्यंत खेचले आणि दोन्ही गमावले. युक्रेनच्या ओक्साना कोझिनाविरुद्धचा शेवटचा गेम २१-२३ असा गेला.

लेआनी श्रेष्ठ खेळाडू आहे, यात वाद नाही. पण मानसीच्या नावापुढचं पॅरालिम्पिक पदकांचं शून्य तिच्या खेळाचं माप नव्हे. ऐन भराच्या काळात तिचा प्रकार यादीत नव्हता, हे त्या शून्यात दिसत नाही.

नांदेड-लातूरकरांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. पॅरिसच्या उद्घाटनात २८ ऑगस्टला सुमित अंतिलसोबत तिरंगा धरला तो नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधवने. तिचा वर्ग एफ३४, प्रकार गोळाफेक. टोकियोत ती सातवी आली, हांगझोऊत रौप्य, पॅरिसमध्ये पाचवी. तिचा प्रकार दोन्ही पॅरालिम्पिकच्या यादीत होता.

आपल्याकडे दिव्यांग मुलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न टक्क्यांचा येतो. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे, म्हणून तो रास्तही आहे. पण प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून खेळातला वर्ग ठरत नाही. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवाची लांबी, प्रत्यक्ष खेळताना होणारी हालचाल हे सगळं तपासून वर्गीकरण करणारे तज्ज्ञ तो ठरवतात. नांदेड किंवा लातूरमध्ये मुलीला मैदानावर नेणार असाल, तर प्रशिक्षकाला दोन गोष्टी आधी विचारा : हिचा वर्ग कोणता असू शकेल, आणि त्या वर्गाचा प्रकार पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या यादीत आहे का?