स्विच निवडताना देखरेख तपासा

टेलिकॉम जाळ्यात सिस्को, नोकिया, हुआवे, ज्युनिपर अशा कंपन्यांचे स्विच एकत्र नांदतात. तुलना करताना वेग आणि पोर्टची संख्या सगळेच पाहतात. खरा कस लागतो तो देखरेखीत.

या यंत्रांना हालहवाल विचारण्यासाठी १९८८ मध्ये एसएनएमपी हा सामायिक प्रोटोकॉल आला. त्यात प्रत्येक माहितीला आकड्यांचा पत्ता असतो. पोर्ट कसा आहे असं विचारलं, की कोणत्याही कंपनीच्या स्विचचं उत्तर ठरलेलं: १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. पण १.३.६.१.४.१ या पत्त्यापुढे प्रत्येकाची स्वतंत्र हद्द सुरू होते. सिस्कोचा क्रमांक ९, हुआवेचा २०११, ज्युनिपरचा २६३६. तापमान, प्रोसेसरवरचा ताण अशा अनेक नोंदी तिथे ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने मांडलेल्या असतात. त्यामुळे एका कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीला दुसरीच्या स्विचचा बिघाड अनेकदा अर्धवटच कळतो. २००६ मधला नेटकॉन्फ प्रोटोकॉल आणि २०१० मधली यांग भाषा यांनी ही दरी कमी केली, पुरती बुजवली नाही.

म्हणून खरेदीआधी चाचणी घ्यावीच. चालू फायबर मुद्दाम काढावी आणि अलार्म किती वेळात येतो, नेमका पोर्ट सांगतो का, हे प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर तपासावं.