मड-खेळ : सर्व्हरचा प्रारंभ, विराम व पुनरारंभ

अनेक खेळाडू एकाच वेळी केवळ लिखित शब्दांच्या साहाय्याने खेळतात, अशा संगणकीय खेळास ‘मड’ म्हणतात. पहिल्या मडची रचना रॉय ट्रबशॉ यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये सुरू केली. पुढे रिचर्ड बार्टल यांनी ती पूर्णत्वास नेली.

सर्व्हर सुरू होताच स्थळे, वस्तू व पात्रे यांची वर्णने फायलींतून वाचून संगणकाच्या स्मृतीत खेळाचे जग उभारले जाते आणि मग खेळाडूंना प्रवेश मिळतो. हे जग स्मृतीतच वसत असल्याने वीज खंडित झाल्यास किंवा आज्ञावली कोसळल्यास शेवटच्या नोंदीनंतरची सर्व कमाई नष्ट होते. म्हणून विरामापूर्वी खेळाडूंना सूचना देतात, त्यांची स्थिती डिस्कवर नोंदवितात आणि मगच जोडण्या तोडतात.

आज्ञावली कोसळल्यास सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचे काम बहुधा एका छोट्या पहारेकरी आज्ञावलीकडे असते. हेतुपूर्वक केलेला विराम तिला ओळखता यावा, यासाठी काही सर्व्हर बंद होताना खुणेची फाईल मागे ठेवतात.

पुनरारंभ नेहमी दोषामुळेच होतो, असे नाही. पहिल्या मडमध्ये खेळाडू खजिना दलदलीत टाकून गुण मिळवीत. खजिना सरला की जग पुन्हा मांडावे लागे. युनिक्स प्रणालीत चालू प्रक्रियेतील जुन्या आज्ञावलीच्या जागी नवी आज्ञावली आणूनही जोडण्या अबाधित राखता येतात. अशा वेळी खेळाडूस केवळ क्षणभराचा खंड जाणवतो.