फेल होण्याआधी ब्रेक धरून बसतो

पावसाळा लागला की घाटातल्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ पंचनाम्यातही तेच लिहिलं जातं आणि विषय मिटतो. पण ब्रेक सहसा असा एकाएकी निकामी होत नाही. दहा-बारा वर्षं मालवाहतूक केलेल्या पिकअपमध्ये तर अनेकदा उलटंच घडलेलं असतं. पुढच्या एका चाकाचा ब्रेक आधीपासून सुटतच नसतो.

पेडलवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतात. डिस्क तापते, कॅलिपर तापतो आणि ती धग आतल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं त्याचं प्रमाण आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच प्रमाण १४० अंशांवर येतं. लांब उतारावर, भरल्या गाडीत, आधीच धरलेल्या चाकाला एवढं तापायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. पुढचं बातमीत येतं.

मिरकरवाडा बंदरातली मासळी घेऊन आंबा घाट चढणाऱ्या आणि भाजीपाला भरून पुन्हा उतरणाऱ्या पिकअपना हे दुखणं लवकर जडतं. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळतं, वर कोकणातली दमट हवा. गंजाला आणखी काय हवं?

ड्रायव्हरला हे कळत नाही असं नाही. गाडी एका बाजूला ओढते, न्यूट्रलला ढकलावी तर जड जाते, डिझेल जास्त खाते, थांबल्यावर एका चाकाकडून जळका वास येतो. घाटाच्या पायथ्याशी चाकावर बादलीभर पाणी ओतलं जातं. हे करू नये. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते, तडकूही शकते. मग गॅरेजात पॅड बदलून घेतात आणि महिन्याभरात नवे पॅडही एका बाजूने खाल्ले जातात.

कोल्हापुरातले एक जुने मिस्त्री पॅडला हात लावायच्या आधी दोष शोधतात. त्यांची पद्धत सविस्तर सांगायलाच हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे. मागच्या चाकांना दगड लावायचे, पुढचं चाक जॅकवर उचलून स्टँडवर घ्यायचं. पोऱ्याला पेडल दोन-चारदा दाबून सोडायला सांगायचं आणि चाक हाताने फिरवून बघायचं. चाक धरलेलं असेल तर कॅलिपरवरचं ऑइल काढायचं निपल थोडं सैल करायचं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकलाय. चाक तसंच धरून राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. दाब अडकलेला निघाला तर निपल आवळून पेडल पुन्हा दाबायचं आणि या खेपेला कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी होजच्या वरच्या टोकाचा जोड सैल करायचा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे; नाही सुटलं तर होजमध्ये.

“मालक, पॅडनं काय गुन्हा केलाय?” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. जुना रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो. आतून मात्र फुगून अरुंद झालेला असतो. पेडलचा जोर ऑइलला त्यातून पुढे ढकलतो, पण मागे यायला तेवढा जोर नसतो. कधी होज धरणाऱ्या पत्र्याच्या क्लॅम्पमध्ये गंज साचून तो होजला आवळतो. होज बदलायचा तर दोन्ही बाजूंचा बदलावा.

पिस्टनची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी कडांचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पीळ खातं, आणि सोडला की तो पीळ सुटताना पिस्टनला केसभर मागे घेतं. चाक मोकळं फिरतं ते या केसभर अंतरावर. सीलच्या खाचेत गंज बसला किंवा रबर फुगलं, की ते संपलं. म्हणून नुसतं सीलचं नवं किट टाकून भागत नाही; खाच टोकदार काडीने खरवडून स्वच्छ करावी लागते. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही नवा. रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल अजिबात लावू नये. ताजं ब्रेक ऑइलच लावावं. सरकत्या पिनांना साधं ग्रीस चालत नाही, ब्रेकचं वेगळं ग्रीस मिळतं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. आणि पॅडची भुकटी हवेने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

शेवटी एअर काढायची. “दाब... धर... सोडू नगंस,” असा पुकारा चालू असतो आणि निपलातून आधी काळपट, मग सोनेरी ऑइल येतं. तो काळा रंग प्रत्येक गाडीमालकाने एकदा समोर उभं राहून बघावा. बहुतेक गॅरेजात ऑइल फक्त वरून भरलं जातं. बदलत कोणीच नाही. बाटलीची किंमत पॅडच्या जोडीपेक्षा कमी, दोन वर्षांनी बदलावं असा सर्वसाधारण सल्ला, तरी त्याची चालढकल होते, याचा मला खरोखर राग येतो.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. नव्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो, ही चांगलीच सुधारणा आहे. पण रोलर ब्रेकचा जोर मोजतो. ऑइलमध्ये किती पाणी मुरलंय ते त्याला कळत नाही. थंड चाकावर पास झालेल्या गाडीचं पेडल त्याच आठवड्यात घाटात तळाला जाऊ शकतं. ऑइल किती अंशांना उकळतं हे दाखवणारी छोटी यंत्रं बाजारात आहेत आणि तपासायला काही मिनिटं पुरतात. ही तपासणी फिटनेसच्या यादीत घालावी, आणि सुरुवात घाटातून रोज ये-जा करणाऱ्या पिकअपपासून करावी.