नळीवरचा बुळबुळीत थर आणि हतबल प्रतिजैविके

रुग्णाला लघवीसाठी नळी बसवली जाते, कधी मानेतील मोठ्या शिरेत औषधांसाठी दुसरी नळी घातली जाते. ही साधने जीव वाचवतात. मात्र त्यांच्याच पृष्ठभागावर जिवाणूंना आसराही मिळतो. औषधाने उतरलेला ताप औषध थांबताच पुन्हा चढतो, तेव्हा हा आसरा त्याचे एक कारण असू शकतो.

सिलिकॉन किंवा लेटेक्सची नळी शरीरात जाताच तिच्यावर प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस किंवा आतड्यातील ई. कोलाय त्याला चिकटतो. पुढे हे जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवून त्यात वसाहत थाटतात. हीच बायोफिल्म. दातांवर साचणारा थर हाही तिचाच प्रकार.

या वसाहतीत काही औषधे सावकाश झिरपतात. तळाच्या जिवाणूंना अन्न व प्राणवायू कमी मिळत असल्याने त्यांची वाढ जवळपास थांबते. पेनिसिलिनसारखी औषधे तर वाढणाऱ्या जिवाणूंवरच मारा करतात. त्यामुळे सुटे जिवाणू ज्या मात्रेने मरतात, तिच्या शेकडो पट मात्राही येथे अपुरी पडू शकते. प्रयोगशाळेतील नेहमीची चाचणी सुट्या जिवाणूंवर होते. म्हणूनच अहवालात लागू पडणारे औषध रुग्णाला गुण देतेच असे नाही. शिवाय दाटीने राहणारे जिवाणू प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देऊ शकतात. अशा वेळी वारंवार दिलेली प्रतिजैविके प्रतिरोधी जिवाणूंनाच मोकळे रान देतात.

यावर चांदीचा लेप दिलेल्या नळ्या निघाल्या. परंतु २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, अल्पकाळ वापरल्या जाणाऱ्या लघवीच्या अशा नळ्यांमुळे संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही.

खात्रीचा उपाय साधा आहे : गरज असेल तरच नळी घालणे आणि गरज संपताच काढणे. लघवीची नळी असेपर्यंत दररोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू आढळू लागतात. मात्र कोणतीही लक्षणे नसतील, तर बहुतेकांना त्यासाठी प्रतिजैविक लागत नाही. नातेवाइकांनी नळीला हात लावण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत आणि लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी. नळी स्वतः काढू नये. पण डॉक्टर तपासणीस आले की ‘नळी अजून आवश्यक आहे का?’ असे रोज विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.