नकाशांचे मेघसंगणन

भूमापनाच्या कामात माहितीचा तुटवडा ही एके काळची मुख्य अडचण होती. आज माहितीचा भार हीच अडचण होऊन बसली आहे. अमेरिकेचा लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेला, आणि तेव्हापासून भूपृष्ठाच्या प्रतिमांचा संग्रह वाढतच राहिला. पुष्कळ वर्षे या प्रतिमा विकत घ्याव्या लागत व एकेकीस शेकडो डॉलर पडत. साहजिकच अभ्यासक मोजक्याच प्रतिमांवर काम भागवीत. २००८ साली हा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला करण्यात आला. पैशाची अडचण सरली. परंतु एवढ्या प्रतिमा उतरवून घेऊन ठेवाव्यात कोठे, आणि त्यांचा हिशेब कार्यालयातील एका संगणकावर व्हावा कसा, हा नवा प्रश्न उभा राहिला.

भौगोलिक माहिती प्रणाली मेघसंगणनाकडे वळली ती या प्रश्नापोटी. दूरच्या केंद्रात एकत्र जोडलेले हजारो संगणक जाळ्यामार्फत गरजेपुरते वापरावयाचे, एवढाच मेघसंगणनाचा अर्थ. मॅथ्यू हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली जगातील वनांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत लँडसॅटच्या ६,५४,१७८ प्रतिमा तपासण्यात आल्या. एकट्या संगणकास ज्या कामासाठी पंधरा वर्षे लागली असती, ते गूगल कंपनीच्या ‘अर्थ इंजिन’ या व्यवस्थेवर काही दिवसांत उरकले. २००० ते २०१२ या काळात सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर वनाच्छादन नाहीसे झाले व सुमारे ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आले, हे त्यातून दिसले. येथे प्रतिमा हिशेबनिसाकडे आल्या नाहीत. हिशेब प्रतिमांकडे गेला. स्थलांतराचे खरे मर्म हेच होय.

जुनी फाइल उचलून दूरच्या संगणकावर ठेवल्याने मात्र हा लाभ पदरी पडत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची एक प्रतिमा सुमारे ११० किलोमीटर लांब व तितकीच रुंद असते. गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्राची ती तिपटीहून मोठी झाली. दहा मीटरांचा एक याप्रमाणे तिच्यात सुमारे बारा कोटी बिंदू असतात. आता खाडीकाठच्या चार हेक्टर खाजण जमिनीत बांध फुटून खारे पाणी शिरले आहे काय, एवढेच पाहावयाचे असेल, तर कामाचे बिंदू भरतात अवघे चारशे. जुन्या पद्धतीच्या फाइलीत त्यासाठी बहुधा सबंध प्रतिमा ओढून आणावी लागे. नव्या मांडणीत फाइलीच्या आरंभी अनुक्रमणिका असते आणि प्रतिमेचे चौकोनी तुकडे पाडलेले असतात. संगणक आधी अनुक्रमणिका वाचतो व हवा तो तुकडाच मागवितो. दप्तरातील सर्व गठ्ठे न सोडता नेमका कागद काढावा, तसे. ‘क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ’ या अवजड नावामागे एवढीच सोय आहे. (पावसाळ्यात मात्र खरे मेघच आड येतात! बांध फुटण्याची भीती अधिक असते त्याच दिवसांत सेंटिनेल-२ ला जमीन दिसत नाही. तेव्हा रडारने पाहणाऱ्या सेंटिनेल-१ ची प्रतिमा घ्यावी लागते.)

माहिती कोणत्या भूमीवर ठेवावयाची, हा प्रश्न केवळ भाड्याच्या दराचा नव्हे. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आडव्या अंतरात एक मीटर व उंचीत तीन मीटर यांहून सूक्ष्म अचूकतेची माहिती भारतीय संस्थांनाच बाळगता येते आणि ती देशांतर्गत मेघव्यवस्थेत अथवा देशातील संगणकांवरच ठेवावी लागते. भूखंडांचे मोजणी नकाशे ठेवण्याचा करार करण्यापूर्वी ही अट पाहिली गेली पाहिजे.

दुसरी अडचण जुनी आहे, आणि मेघसंगणन ती दूर करीत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट संदर्भगोलावर आधारलेले. उपग्रहांचे स्थाननिर्देश डब्ल्यूजीएस-८४ या पद्धतीचे. रूपांतर न करता एकावर एक ठेवल्यास गोव्यासारख्या प्रदेशात शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. कागदावर चुकलेली हद्द मग दूरच्या केंद्रातही चुकलेलीच राहते. फरक इतकाच की ती एकाच वेळी अनेक कार्यालयांत पोहोचते, आणि ज्याच्या बांधावरून ती रेषा जाते त्या शेतकऱ्याला खेटे मात्र पूर्वीसारखेच घालावे लागतात.

खर्चाचे स्वरूपही बदलते. यंत्राची एकरकमी खरेदी टळते; पण वापरागणिक आकार पडत असल्याने विसरून चालू राहिलेल्या हिशेबाचेही बिल येते. जाळे न पोहोचणाऱ्या गावी जाणाऱ्या मोजणीदाराने नकाशाची प्रत आधीच उपकरणात उतरवून न्यावी लागते, आणि परतल्यावर दोघांनी एकाच भूखंडाची नोंद बदललेली आढळली, तर कोणती ग्राह्य धरावी याचा निर्णय कार्यालयाने अगोदरच लेखी करून ठेवावा लागतो.